फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा 'लीज अँड लीफ' (१९६९): ऐकणाऱ्यांनी इथे लिहा

पाणंद

रॉकवरच्या धाग्यांत बीटल्स, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन यांच्यावर भरभरून लिहिलं जातं. फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचं नाव क्वचितच येतं, आणि आलंच तर 'सँडी डेनी ज्यात गायची तो बँड' एवढ्यावर विषय संपतो. डिसेंबर १९६९ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सने काढलेला त्यांचा 'लीज अँड लीफ' माझ्या अगदी जवळचा अल्बम आहे. त्याच्यासाठी स्वतंत्र धागा हवा असं फार दिवस मनात होतं.

ज्यांनी नावही ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडं आधीचं. ही मंडळी उत्तर लंडनमधल्या मझवेल हिल भागातली. गिटारवाला सायमन निकोल ज्या घरात राहायचा त्याचं नाव 'फेअरपोर्ट'. तिथेच त्याच्या डॉक्टर वडिलांचा दवाखाना होता, आणि वर पोरांच्या तालमी चालायच्या. त्यावरून १९६७ मध्ये बँडला नाव मिळालं. बासवर ॲशली हचिंग्ज, दुसऱ्या गिटारवर रिचर्ड थॉम्प्सन, तेव्हा जेमतेम अठराचा. थोड्याच दिवसांत ड्रमवर मार्टिन लँबल आला. सुरुवातीला हे लोक अमेरिकन गाणी वाजवायचे, डिलन, जोनी मिचेल वगैरे. त्या नावाच्या अमेरिकन बँडवरून 'इंग्लंडचे जेफरसन एअरप्लेन' अशी त्यांची ओळख होती. १९६८ मध्ये गायिका जूडी डायबल गेली आणि तिच्या जागी सँडी डेनी आली. सँडी लंडनच्या फोक क्लबांत गाऊन तयार झालेली होती, त्यामुळे जुनी पारंपरिक गाणी तिला पाठ होती.

१२ मे १९६९. बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून लंडनला परतताना पहाटे एम-वन महामार्गावर त्यांची व्हॅन रस्ता सोडून कोसळली. मार्टिन लँबल गेला. तो १९ वर्षांचा होता. थॉम्प्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन हीसुद्धा गेली. बाकीचे जखमी झाले. सँडी त्या गाडीत नव्हती.

बँड मोडणार अशीच चिन्हं होती. पण काही आठवड्यांनी ते पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं की मार्टिनबरोबर वाजवलेली गाणी आता वाजवायची नाहीत. निर्माता जो बॉइडने हँपशरमध्ये, विंचेस्टरजवळच्या फार्ली चेंबरलेन गावात एक मोठं जुनं घर भाड्याने मिळवलं. उन्हाळाभर सगळे तिथे राहिले. ड्रमवर डेव्ह मॅटॅक्स आणि फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) डेव्ह स्वारब्रिक असे दोघं नव्याने आले. ऑक्टोबरमध्ये चेल्सीच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, ध्वनिमुद्रक जॉन वुड. एकूण आठ गाणी.

माझं म्हणणं असं आहे. या अल्बमवर लिहिणारे बहुतेक जण 'लोकसंगीताला विजेची गिटार जोडली' यावर थांबतात. मला तो शोकाचा अल्बम वाटतो. आपल्या माणसांच्या मरणाबद्दल त्यात एक अक्षर नाही. पण विशीतल्या या मुलांनी निवडलेली गाणी पाहा. तलवारीने मारलेले प्रेमिक, मृत्युदंडाच्या दारातला शिपाई, भुताखेतांच्या राणीने पळवलेला तरुण, स्वतःच्या हाताने प्रेयसीला मारून वेडा झालेला मायकेल. स्वतःचं दुःख बोलायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. जुन्या गाण्यांच्या भाषेत ते आयते होते, आणि त्यात कुठेही 'मी' म्हणावं लागत नव्हतं.

तुमचं काय मत? आणि तुमचं आवडतं गाणं कोणतं?

थेम्सकाठ

धाग्याबद्दल मनापासून आभार! मी इंग्लंडमध्ये राहते आणि इथल्या माझ्या पिढीतल्या बऱ्याच लोकांना हा अल्बम आईवडिलांच्या कपाटातून मिळालेला असतो. २००६ मध्ये बीबीसी रेडिओ टूच्या श्रोत्यांनी आजवरचा सर्वांत प्रभावी फोक अल्बम म्हणून यालाच मत दिलं होतं. निघाला तेव्हा मात्र इथल्या विक्रीच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंतच गेला होता.

माझं आवडतं 'टॅम लिन'. कारण सविस्तर लिहीन, आत्ता फक्त हजेरी.

सहा_तारा

वाचतोय. गिटारबद्दल कोणीतरी लिहायला हवं म्हणून सुरुवात करतो.

१९६९ मध्ये इंग्लंडमधला प्रत्येक गिटारवाला ब्लूज वाजवत होता. क्लॅप्टन, पेज, बेक, पीटर ग्रीन, सगळ्यांचं मूळ तिथेच. थॉम्प्सनने ती वाट जाणूनबुजून सोडली. त्याच्या हातात बॅगपाइप्सच्या संगीतातला सतत घुमणारा खालचा सूर आहे, फिडलवरच्या छोट्या मुरक्या आहेत. प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची पट्टी, अंगठा आणि तर्जनीत धरून उरलेल्या बोटांनी वरच्या तारा छेडायच्या, ही त्याची पद्धत. त्यामुळे एकच माणूस सूर धरून ठेवतोय आणि त्यावर चालही वाजवतोय, असं ऐकू येतं.

'मॅटी ग्रोव्ह्ज'चा शेवट ऐका. कथा संपते, दोन्ही प्रेतं पडलेली असतात आणि गाणं थांबत नाही. गिटार आणि फिडल एकमेकांच्या अंगावर धावून जातात. एक जण ओळ टाकतो, दुसरा तीच ओळ उचलून पुढे नेतो. स्वारब्रिक थॉम्प्सनपेक्षा आठ वर्षांनी मोठा, इयन कॅम्बेल फोक ग्रुप आणि मार्टिन कार्थी यांच्याबरोबर वाजवून नाव कमावलेला. फोकमधल्या माणसाने रॉकवाल्यांत जाणं तेव्हा सोपं नव्हतं. पण थॉम्प्सनबरोबर एकदा वाजवल्यावर तो तिथेच रमला.

उत्तररात्र

पाणंद, धागा उत्तम, पण शोकाचा सिद्धांत मला पूर्ण पटत नाही.

'अ सेलर्स लाइफ' अपघाताच्या आधी रेकॉर्ड झालंय, 'अनहाफब्रिकिंग' या आधीच्या अल्बमसाठी. पारंपरिक गाणं, अकरा मिनिटं लांब, पाहुणा फिडलवादक स्वारब्रिक, आणि ड्रमवर मार्टिन लँबल. 'लीज अँड लीफ'चं बी तिथे पडलंय. म्हणजे वाट आधीच दिसली होती. अपघात झाला नसता तरी हे लोक याच दिशेने गेले असते, आणि मार्टिन त्यात असता.

दुसरं असं की १९६८ मध्ये 'द बँड' नावाच्या गटाचा 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' हा अल्बम आला आणि त्याने इंग्लंडमधल्या अनेक वादकांची झोप उडवली. आपण अमेरिकन मुळांचं संगीत त्या लोकांइतकं खरं कधीच वाजवू शकणार नाही, मग आपली मुळं कुठे आहेत, हा प्रश्न थॉम्प्सन आणि हचिंग्ज यांना तेव्हाच पडला होता. थॉम्प्सनने हे पुढे अनेकदा सांगितलंय.

त्यामुळे मी याला शोधाचा अल्बम म्हणेन. अपघाताने त्या शोधाला घाई आली, इतकंच.

पाणंद

उत्तररात्र, 'अ सेलर्स लाइफ'चा मुद्दा बिनतोड आहे आणि त्यातलं मार्टिनचं ड्रमवादन मला इंग्लिश रॉकमधल्या सर्वोत्तम कामांपैकी वाटतं. झांजांवर तो समुद्र उभा करतो. ठेका येतच नाही कितीतरी वेळ.

पण दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐका. 'अनहाफब्रिकिंग'मध्ये फ्रेंचमध्ये गायलेलं डिलनचं गाणं आहे, हसणं आहे, मागे खुर्च्या आदळल्याचे आवाज आहेत. मुखपृष्ठावर सँडीचे आईवडील विंबल्डनच्या घरासमोर उभे आहेत आणि बँड मागे कुंपणाआडच्या हिरवळीत बसलाय. खेळकर मुलांचा अल्बम आहे तो. सहाच महिन्यांत तो खेळकरपणा नाहीसा होतो. 'लीज अँड लीफ'मध्ये सुरुवातीचं 'कम ऑल यी' सोडलं तर कोणी हसत नाही. दिशा आधी सापडली होती हे मान्य, पण त्या दिशेला इतका अंधार असेलच असं नव्हतं.

थेम्सकाठ

आता 'टॅम लिन'.

गोष्ट स्कॉटलंडच्या सीमाभागातली, सेल्कर्कजवळचं कार्टरहॉ नावाचं रान. तिथे मुलींनी जायचं नाही, कारण तिथे टॅम लिन असतो. जॅनेट हिरवा झगा खोचून सरळ तिकडे निघते. गुलाब खुडते. तो समोर येऊन विचारतो, माझ्या परवानगीशिवाय इथे आलीस कशी? काही महिन्यांनी ती गरोदर असल्याचं घरी कळतं. ती लाजत नाही, रडत नाही. माझ्या बाळाचा बाप तुमच्या दरबारातल्या सगळ्या सरदारांपेक्षा बरा, असं बापाला ऐकवते आणि पुन्हा रानात जाते.

मग कळतं की तो माणूसच आहे, परीलोकाच्या राणीने पळवलेला. दर सात वर्षांनी ती नरकाला एक जीव देणं लागते आणि या वेळी पाळी त्याची आहे. हॅलोवीनच्या रात्री स्वार जातील. काळा घोडा जाऊ दे, तपकिरी जाऊ दे, पांढऱ्या घोड्यावरच्याला ओढून खाली पाड आणि घट्ट धर. ते मला तुझ्या मिठीत सरपटणारा प्राणी करतील, सिंह करतील, सोडू नकोस. ती सोडत नाही. शेवटी तिच्या मिठीत उघडा माणूस उरतो आणि राणी संतापाने थरथरत शाप देते.

इतक्या जुन्या कथांत बाईला सहसा कोणीतरी वाचवायला येतं. इथे ती वाचवते, तेही तलवार न उचलता, फक्त न सोडता. बँडने याला दिलेली चाल पाहा. ओळीमागून ओळ तोच जड आघात, गिटार आणि ड्रम एकत्र कोसळतात, आणि सँडी त्यावरून कुठलीही घाई न करता कथा सांगत जाते. सात मिनिटं. राणीच्या शापाच्या कडव्याला ती आवाज चढवत नाही. दुसऱ्या कुठल्याही गायिकेने तिथे किंचाळी फोडली असती.

पाणंद, मिठीत धरलेला माणूस बदलत जातो आणि तरी सोडायचं नाही, हे मार्टिनला गमावलेल्या मुलांना कसं वाटलं असेल हा विचार मला नेहमी येतो. त्या अर्थाने तुमच्या बाजूने माझं मत.

नवखा_श्रोता

खूप छान चर्चा. मी आजच पहिल्यांदा ऐकला. सगळं नाही पचलं, पण 'फेअरवेल फेअरवेल' चार वेळा लावलं. हे पण जुनं लोकगीत आहे का? आणि ही सगळी गाणी त्यांना मिळाली कुठे?

पाणंद

स्वागत!

'फेअरवेल फेअरवेल'चे शब्द थॉम्प्सनचे आहेत, चाल जुनी, 'विली ओ' विन्सबरी' या बॅलडची, म्हणजे जुन्या कथागीताची. ती चाल थॉम्प्सनच्या पिढीला मुख्यतः आयरिश गट स्वीनीज मेन यांच्या १९६८ च्या रेकॉर्डिंगमुळे माहीत होती. जेमतेम अडीच मिनिटांचं गाणं. शब्दांत कुठेही जुनेपणाचं सोंग नाही, तरी त्या अल्बममध्ये ते वेगळं ओळखू येत नाही.

गाणी मिळाली कुठे, याचं मोठं उत्तर हचिंग्ज आहे. सविस्तर कोणी लिहिणार का?

उत्तररात्र

हचिंग्ज मी घेतो, माझा आवडता माणूस.

लंडनच्या रीजंट्स पार्क रोडवर सेसिल शार्प हाउस आहे, १९३० मध्ये बांधलेलं, इंग्लिश फोक डान्स अँड साँग सोसायटीचं घर. तिथे संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्या नावाचं ग्रंथालय आहे. हचिंग्जने त्या उन्हाळ्यात आणि नंतर तिथे अक्षरशः ठाण मांडलं. रॉक बँडचा बासवाला रोज जाऊन हस्तलिखितं आणि मेणाच्या नळकांड्यांवरची रेकॉर्डिंग धुंडाळतोय, असं त्याआधी कोणी केलं नव्हतं.

ज्यांच्या नावे ती वास्तू आहे ते सेसिल शार्प संगीतशिक्षक होते. १९०३ मध्ये सॉमरसेटमधल्या हँब्रिज गावी जॉन इंग्लंड नावाचा माळी काम करताना गाणं म्हणत होता. ते त्यांनी ऐकलं, टिपून घेतलं, आणि पुढचं आयुष्य गावोगाव फिरून गाणी उतरवण्यात घालवलं. १९१६ ते १९१८ दरम्यान मॉड कार्पेलीस यांना बरोबर घेऊन ते अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांत गेले, कारण इंग्लंड-स्कॉटलंडहून तिकडे वस्तीला गेलेल्या लोकांनी जुनी गाणी जपली होती.

त्याआधीचं मोठं नाव फ्रान्सिस जेम्स चाइल्ड. हार्वर्डचे प्राध्यापक. १८८२ ते १८९८ या काळात त्यांचा संग्रह खंडाखंडाने छापून आला. ३०५ बॅलड, प्रत्येकाची मिळतील तेवढी रूपं. आजही फोकवाले गाण्याचा चाइल्ड क्रमांक सांगतात. 'टॅम लिन' ३९, 'मॅटी ग्रोव्ह्ज' ८१. पण चाइल्डचा जीव शब्दांत होता. त्यांच्या संग्रहात चाली फारच थोड्या आहेत. शब्द एकीकडून आणि चाल दुसरीकडून जमवणं हे काम प्रत्येक गायकाला करावं लागतं, आणि त्यातूनच गाणं त्याचं होतं.

'मॅटी ग्रोव्ह्ज'चंच घ्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लिश नाटकात त्याच्या ओळी येतात, इतकं जुनं गाणं. फेअरपोर्टने घेतलेली चाल मात्र 'शेडी ग्रोव्ह' या अमेरिकन गाण्याच्या कुळातली. इंग्लंडहून समुद्रापलीकडे गेलेली गोष्ट अमेरिकन चालीवर बसून लंडनला परत आली. शुद्ध इंग्लिश परंपरा असं काही नसतंच, हे या एका गाण्यावरून कळतं आणि मला त्याचं फार अप्रूप आहे.

अल्बमच्या आतल्या घडीवर शार्प आणि चाइल्ड यांची चित्रं आहेत, जुन्या गावप्रथांच्या चित्रांसोबत. रॉक अल्बमच्या आत दोन संग्राहक.

थेम्सकाठ

सेसिल शार्प हाउसचं ग्रंथालय अजूनही सर्वांना खुलं आहे. मी गेलेय. बरंचसं साहित्य आता ऑनलाइनही आहे. पण त्या वाचनालयात बसून एखाद्या शेतमजुराच्या तोंडून शंभर वर्षांपूर्वी उतरवलेलं गाणं शार्प यांच्या अक्षरात वाचणं हा वेगळाच अनुभव आहे. लंडनला येणाऱ्या संगीतप्रेमींनी संग्रहालयांच्या यादीत ही जागा नक्की धरा.

केतकी_व

मी वेगळा मुद्दा मांडते. 'मॅटी ग्रोव्ह्ज' मला ऐकवत नाही. नवरा बायकोला भिंतीशी धरून छातीत तलवार खुपसतो आणि त्यावर लोक नाचतात. क्रोप्रेडी महोत्सवाच्या व्हिडिओत हजारो लोक बिअर हातात घेऊन ही गोष्ट सोबत गातात. जुनं आहे म्हणून सगळं गोड मानायचं का?

पाणंद

केतकी, अजिबात गोड मानू नका. मीही मानत नाही. पण गोष्ट कोण कुणाच्या बाजूने सांगतंय हे एकदा पाहा.

सणाचा दिवस. सरदार डार्नेलची बायको देवळात येते, तिथे मॅटीला पाहते आणि तीच त्याला घरी बोलावते. नवरा लांब शेतांवर गेलाय. एक नोकर हे ऐकतो आणि मालकाला सांगायला धावत सुटतो, नदी आडवी येते तर पोहत जातो. मॅटीला जाग येते तेव्हा मालक पलंगाच्या पायथ्याशी उभा. तो विचारतो, माझी गादी कशी वाटली, माझ्या चादरी कशा वाटल्या, आणि तुझ्या कुशीतली माझी बायको कशी वाटली? मॅटी म्हणतो माझ्याकडे साधा चाकूही नाही. मालक दोन तलवारींतली चांगली त्याला देतो. म्हणजे खानदानी माणसाने निःशस्त्राला मारलं असं कोणी म्हणू नये. मॅटी मरतो. मग तो बायकोला मांडीवर घेऊन विचारतो, आता सांग, कोण आवडतो, तो की मी? ती, आजवर इतकं उघड कधी न बोललेली बाई, मेलेल्या मॅटीचं चुंबन तुझ्यापेक्षा आणि तुझ्या सगळ्या वैभवापेक्षा बरं, असं सांगते. काय होणार हे तिला माहीत असतं.

आणि शेवटी तो हुकूम देतो, दोघांना एकाच थडग्यात पुरा, पण तिला वर ठेवा, ती उच्च कुळातली आहे. एवढं सगळं झाल्यावर त्याला काळजी आहे ती कुळाची. गाण्याने त्याचा कुठे निषेध केलेला नाही. पण ऐकणाऱ्या शेतमजुरांना आणि मोलकरणींना ते कडवं ऐकून मालक कसा दिसत असेल, याचा विचार करा. मला हे गाणं मालकाच्या विरोधातलं वाटतं.

लोक नाचतात ते कथा संपल्यावरच्या फिडल-गिटारवर, हेही खरं.

केतकी_व

थडग्याच्या कडव्याकडे मी अशा नजरेने पाहिलं नव्हतं. तरी हजारोंनी एका सुरात ते म्हणणं मला अजून टोचतं, आणि टोचत राहील. 'टॅम लिन' मात्र थेम्सकाठ यांनी लिहिल्यावर लावलं आणि लगेच पुन्हा लावलं. सँडीबद्दल आणखी लिहा ना कोणीतरी.

थेम्सकाठ

सँडी डेनी. जन्म ६ जानेवारी १९४७, विंबल्डनची. काही काळ रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेतलं, मग किंग्स्टनच्या कला महाविद्यालयात गेली, आणि संध्याकाळी फोक क्लब. फेअरपोर्टच्या आधी स्ट्रॉब्जबरोबर गायली. 'हू नोज व्हेअर द टाइम गोज' हे तिचं गाणं विशीत लिहिलेलं, आणि जूडी कॉलिन्सने ते गायल्यामुळे अमेरिकेत आधी पोचलं.

'लीज अँड लीफ' दुकानात येण्याआधीच, नोव्हेंबर १९६९ मध्ये तिने बँड सोडला होता. हचिंग्जनेही त्याच सुमाराला. कारणं उलटी होती. त्याला परंपरेत आणखी खोल जायचं होतं, तिला स्वतःची गाणी लिहायची होती. तो स्टीलाय स्पॅन नावाचा बँड काढतो, ती फॉदरिंगे नावाचा. म्हणजे हा अल्बम ज्यांनी घडवला, त्यांनी तो एकत्र फारसा वाजवलाच नाही. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये २४ सप्टेंबर १९६९ चा तो पहिला मोठा कार्यक्रम, ज्यात आधी गायक निक ड्रेक गायला होता, आणि त्यानंतर काही आठवडे. बस.

१९७१ मध्ये झेपेलिनच्या चौथ्या अल्बममधल्या 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये रॉबर्ट प्लँटसमोर जो आवाज आहे, तो तिचा. झेपेलिनच्या कुठल्याही स्टुडिओ अल्बमवर पाहुणी म्हणून गायलेली ती एकटीच.

२१ एप्रिल १९७८ ला ती गेली. पडून डोक्याला मार लागला होता. ३१ वर्षांची होती, आणि मुलगी एक वर्षाचीही नव्हती.

सहा_तारा

सँडीच्या गाण्याबद्दल एक तांत्रिक निरीक्षण. 'रेनार्डीन' ऐका. त्याला ठरलेला ठेका जवळजवळ नाहीच. झांजा हलत राहतात, गिटार आणि फिडल एक सूर धरून ठेवतात आणि ती त्यावर शब्द सोडत जाते. आपल्या कानांना आलापाची सवय आहे, त्यामुळे हे गाणं आपल्याला इंग्रजी श्रोत्यापेक्षा सहज उमगतं असा माझा अनुभव आहे. ती कुठे श्वास घेते ते ऐका. वाक्य संपायच्या थोडं आधी आवाज मागे घेते, त्यामुळे रेनार्डीन नावाचा तो देखणा, धोकादायक माणूस आहे की कोल्हा आहे, हे शेवटपर्यंत ठरत नाही. हे रूप घडवण्यात लोकगीतांचे अभ्यासक ए. एल. लॉइड यांचा मोठा हात होता.

आणि डेव्ह मॅटॅक्सबद्दल कोणीच बोललं नाही! तो बॉलरूममधल्या नृत्यांच्या बँडमधून आला होता. फोकशी त्याचा संबंध नव्हता. जिग आणि रील या नाचाच्या धुनांवर रॉकचा ड्रम कसा बसवायचा याला तेव्हा कुठला नमुनाच नव्हता. 'लार्क इन द मॉर्निंग'ने सुरू होणारी चार धुनांची मालिका ऐका. तो नाचणाऱ्यांच्या पायांसाठी वाजवतो, जड पण मोकळं, एकही फटका वाया नाही. पुढच्या पन्नास वर्षांतल्या प्रत्येक फोक-रॉक ड्रमवाल्याने त्याच्याकडून घेतलंय. लँबल समुद्र वाजवायचा आणि मॅटॅक्स जमीन वाजवतो. दोन अल्बममधला फरक मला तिथे सर्वांत जास्त जाणवतो.

उत्तररात्र

मॅटॅक्सबद्दल शंभर टक्के सहमत.

'द डेझर्टर'वर एक परिच्छेद लिहितो, कारण त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. लंडनच्या पूर्वेकडच्या रॅटक्लिफ हायवेवर एक तरुण चाललाय. सैन्यभरतीवाले ढोल वाजवत येतात, त्याला दारू पाजतात आणि नाव लिहून घेतात. तो पळतो. त्याचाच सोबती त्याला पकडून देतो, फटके बसतात. पुन्हा पळतो, या वेळी प्रेयसी पकडून देते आणि गोळ्या घालायची शिक्षा होते. शेवटच्या कडव्यात प्रिन्स अल्बर्ट बग्गीतून येतो आणि त्याला सोडून देतो. हा सुखान्त इतका अचानक येतो की त्यावर विश्वास बसत नाही. बंदरावरच्या गरीब पोरांना असे प्रिन्स कुठे भेटत होते? अमेरिकेत व्हिएतनामसाठी सक्तीची भरती चालू असताना हे गाणं अल्बमवर घेतलं गेलं. कोणीही तसं म्हटलेलं नाही, पण १९६९ च्या श्रोत्याला ते ऐकू आलंच असणार.

पाणंद

आता शेवटच्या गाण्यावर, कारण माझं सगळं म्हणणं तिथे येऊन ठरतं. 'क्रेझी मॅन मायकेल'. शब्द थॉम्प्सनचे, चाल स्वारब्रिकची.

मायकेल समुद्राकाठी हिंडतोय. एक डोमकावळा त्याला सांगतो, तुझ्याच हातून तुझी प्रिया मरणार. तो चिडून कट्यार काढतो आणि कावळ्याला मारतो. खाली पडते ती त्याची प्रिया. मग तो वेडा होतो, रात्रीशी आणि दिवसाशी बोलत हिंडतो, आणि ती आता प्रत्येक फुलात आहे म्हणून बाग राखत राहतो.

हे पारंपरिक गाणं नाही. वीस वर्षांच्या मुलाने लिहिलंय, त्या व्हॅनमधून स्वतः वाचल्यावर आणि मैत्रीण गमावल्यावर काही महिन्यांत. उत्तररात्र, अल्बममधली पारंपरिक गाणी शोधातून आली हे मी मान्य करतो. पण जेव्हा स्वतः लिहायची वेळ आली तेव्हा त्याने हे लिहिलं, आणि जुन्या बॅलडच्या भाषेत लिहिलं. तो शोध त्याला कशासाठी हवा होता, हे मला या गाण्यात दिसतं.

उत्तररात्र

या गाण्यापुरतं तुमचं म्हणणं मला पटतं. अख्ख्या अल्बमला ते लागू करायला मी अजून तयार नाही. हचिंग्जच्या वह्या माझ्या बाजूने आहेत. :)

नवखा_श्रोता

खूप शिकायला मिळालं. यानंतर काय ऐकू? आणि क्रोप्रेडी म्हणजे काय?

थेम्सकाठ

क्रोप्रेडी हे ऑक्सफर्डशरमधलं खेडं. १९७९ मध्ये फेअरपोर्टने तिथे निरोपाचा कार्यक्रम केला आणि तो निरोप कधी झालाच नाही. दर ऑगस्टमध्ये तिथे त्यांचा महोत्सव भरतो, हजारो लोक शेतात तंबू ठोकून राहतात. शेवट ठरलेला, थॉम्प्सनचं 'मीट ऑन द लेज', सगळ्यांनी मिळून. २००७ मध्ये तिथे 'लीज अँड लीफ' संपूर्ण वाजवला गेला. थॉम्प्सन, निकोल, हचिंग्ज, स्वारब्रिक, मॅटॅक्स, आणि सँडीच्या जागी क्रिस व्हाइल. स्वारब्रिक २०१६ मध्ये गेला, त्यामुळे ते पाच जण पुन्हा तसे उभे राहणं आता शक्य नाही.

पाणंद

नवखा, क्रम असा घ्या. आधी मागे जा, 'अनहाफब्रिकिंग'. मग पुढे १९७० चा 'फुल हाउस'. त्यात सँडी नाही, हचिंग्ज नाही, बासवर बर्मिंगहॅमचा डेव्ह पेग आलाय आणि गाणं थॉम्प्सन-स्वारब्रिक करतात. अनेक जणांना तो या अल्बमपेक्षाही आवडतो. हचिंग्जच्या वाटेने जायचं असेल तर स्टीलाय स्पॅनचा पहिला अल्बम, 'हार्क! द व्हिलेज वेट'. सँडीच्या वाटेने जायचं असेल तर 'फॉदरिंगे'. थॉम्प्सनसाठी १९७४ चा 'आय वाँट टू सी द ब्राइट लाइट्स टुनाइट', तेव्हाची पत्नी लिंडाबरोबरचा.

आणि एक गंमतशीर तुलना जरूर करा. 'सर पॅट्रिक स्पेन्स' हे बुडालेल्या जहाजाचं बॅलड 'लीज अँड लीफ'च्या वेळी सँडीच्या आवाजात रेकॉर्ड झालं होतं पण बाहेर राहिलं. २००२ च्या आवृत्तीत ते शेवटी जोडलंय. तेच 'फुल हाउस'वर स्वारब्रिकच्या आवाजात आहे. दोन्ही ऐकून कोणतं आवडलं ते इथेच लिहा. केतकी, तुम्हीसुद्धा.